खालच्या फळीवरच्या बाटल्या

"हात फिरवून बघ, कसा करकर आवाज येतोय," सासूबाई म्हणाल्या.

मी हातात झाडू घेऊन तळघराच्या शेवटच्या पायरीवर उभी होते. झाडायला काही उरलंच नव्हतं. फरशी घासलेली, जाळी काढलेली, कोपऱ्यातल्या रंगाच्या जुन्या डब्यांची तोंडंसुद्धा पुसलेली. आणि मधोमध दिव्याखाली टॉवेल अंथरून त्यावर नवऱ्याच्या बाटल्या उभ्या केलेल्या. उंचीप्रमाणे, ओळीने, शाळेतल्या पोरी कवायतीला उभ्या राहतात तशा. इतक्या लख्ख की प्रत्येकीत दिव्याचा एकेक ठिपका दिसत होता. एकीवरही कागदाचा कपटा नव्हता.

"आई, यांची लेबलं कुठे आहेत?"

"निघाली की! आधी हटेचनात मेली. मग रात्री घमेल्यात कढत पाणी घेतलं, सोडा टाकला आणि बुडवून ठेवल्या. सकाळी बघते तर आपोआप सुटून वर आलेली. उरलेला डिंक घासणीनं काढला." त्यांनी एक बाटली उचलून माझ्यापुढे धरली. "काय बुरशी होती गं त्या कागदांवर! काळीकुट्ट. आणि डॉक्टर काय म्हणाले होते तुझ्यासमोर? घरात धूळ नको, बुरशी नको. छाती उघडलेला माणूस घरी येतोय."

म्हणाले होते खरं. त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली होती, ती मला त्या क्षणी जास्त आठवली. म्हणाले होते, निदान महिनाभर त्यांना कसलाही त्रास, संताप, धक्का बसू देऊ नका. नवऱ्याला दुपारी घरी सोडणार होते. मी झाडू टेकवून पायरीवरच बसले.

"बरं नाही का वाटत?" सासूबाईंनी विचारलं.

त्यांना कसं सांगायचं? आयुष्यभर ज्या बाईने डाग काढले, तिला सांगायचं की हा डाग काढायचा नव्हता?

सासूबाई इस्पितळाच्या लॉन्ड्रीत होत्या. ऐन तारुण्यात तिथे लागल्या त्या कंबर वाकेपर्यंत, आणि निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्या लॉन्ड्रीच्या मुख्य होत्या. रक्ताचा डाग कशाने जातो, औषधाचा कशाने, जखमेच्या पाण्याचा कशाने, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील. त्यांच्या इमारतीचे जिने त्यांना झेपेनात म्हणून त्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि आल्या दिवसापासून आमचं घर धुतलं जातंय. माझ्या खिडक्यांचे पडदे निळे होते, ते आता कसले आहेत ते मला सांगता येणार नाही. पहिले पंधरा दिवस मी मनातल्या मनात बोटं मोडली. मग एका संध्याकाळी ऑफिसातून वैतागून घरी आले तर माझ्या चपलासुद्धा धुऊन उन्हात ठेवलेल्या. माझ्या आईनेही कधी माझ्या चपला धुतल्या नव्हत्या. त्या दिवसापासून माझी कुरकुर तोंडदेखली उरली.

आता या बाटल्यांचं. माझा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. एकदा एका मोठ्या हॉटेलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत तिथले वाइन वाढणारे वस्ताद अडकले. नवऱ्याने त्यांना बाहेर काढलं. त्यांनी उपकाराची फेड म्हणून याला एक घोट पाजला, आणि तो घोट आमच्या संसारात कायमचा मुक्कामाला आला. वस्ताद त्याला शिकवत गेले. कुठली वाइन ठेवली की सुधारते, कुठली ठेवली की मरते, वास कसा घ्यायचा, बाटली आडवी का ठेवायची. वर्षाकाठी एखादी बाटली घरी यायची. आमच्याकडे सोफा जुना आणि वाइन त्याहून जुनी. मोठ्या लोकांच्या तळघरांत असतात तशा शेकड्यांनी नाहीत, पण ज्या होत्या त्या त्याच्या जिवाचा तुकडा होत्या. त्यातही खालच्या फळीवरच्या पाच. प्रत्येकीचं एक साल आणि प्रत्येक सालाचं एक कारण. आमच्या लग्नाचं साल, मुलगी झाली ते साल, हे घर घेतलं ते साल. चौथी वस्तादांनी निवृत्त होताना दिलेली. पाचवी सगळ्यांत जुनी, तिच्याबद्दल विचारलं की तो नुसता हसायचा.

या पाचही बाटल्या अंगापिंडाने सारख्या. तेच खांदे, तोच गडद हिरवा रंग. कुठली कोण ते फक्त लेबल सांगायचं. आणि घरातला एकच कायदा होता, त्यांना हात लावायचा नाही. धूळसुद्धा पुसायची नाही. मी एकदा फडकं घेऊन गेले होते तर दोन दिवस जेवणाच्या टेबलावर मुकाट होता. तसा तो ओरडणाऱ्यांतला नाही. ओरडला असता तर परवडलं असतं.

"आई, तुम्हाला माहीत होतं ना, तो कुणाला हात लावू देत नाही?"

"मला वाटलं, म्हातारीला कशाला त्रास, म्हणून म्हणतो." त्या बाटलीकडे बघत राहिल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "किमतीच्या चिठ्ठ्याच होत्या ना त्या?"

 कचऱ्याची पिशवी कुठे टाकली ते विचारलं आणि वर धावले. मी दारात पोहोचले तेव्हा कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळत होती. घरातल्या चपलांवर, केस मोकळे, मी "थांबा हो, थांबा!" करत त्या गाडीमागे चौकापर्यंत पळाले. चौकात सिग्नल हिरवा होता. आयुष्यभर मला तो सिग्नल लालच भेटला आहे, पण त्या दिवशी हिरवा होता.

परत आल्यावर वस्तादांना फोन लावला. ते आता मुलीकडे राहतात, कानाला कमी ऐकू येतं. मी सगळं ओरडून सांगितलं.

"गरम पाण्यात?" ते म्हणाले. "किती गरम?"

मी फोनवर हात ठेवून सासूबाईंना विचारलं.

"हाताला सोसेल इतकंच," त्या म्हणाल्या.

मी ते वस्तादांना सांगितलं नाही. त्यांच्या हाताला काय सोसतं ते मला माहीत आहे. त्या उकळत्या चहाचं पातेलं फडक्याशिवाय उतरवतात.

"वहिनी, खोटं नाही बोलत," वस्ताद म्हणाले. "वाइन कढली असेल तर गेली. नसेल कढली तर राहिली. बाहेरून बघून देवालाही नाही सांगता येणार. आणि कुठली कुठल्या सालाची, ते बुचावर छापलेलं असतं, पण बूच काढल्यावरच दिसणार. आणि बूच काढलं की मग ठेवता येत नाही."

"म्हणजे ओळखायची असेल तर उघडायची, आणि उघडली की संपली."

"तसंच. त्याला सांगू नका हो एवढ्यात. पोराचं काळीज आत्ताच शिवलंय."

मी फोन ठेवला आणि वळून पाहिलं तर सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी इतक्या मोठ्याने बोलत होते, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्या त्यांच्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मी मागोमाग गेले तर पलंगावर बॅग उघडी, आणि त्या आपल्या घडीबंद चादरी तिच्यात भरत होत्या.

"हे काय चाललंय?"

"वृद्धाश्रमात नाव देऊन ठेवलंय मी. इथे यायच्या आधीच. परवाच त्यांचा फोन होता, खोली रिकामी झालीय म्हणून." त्यांचे हात घड्या घालत होते, त्यांना सांगावं लागत नाही. "त्याला डोळे भरून बघते आणि संध्याकाळी निघते. मी समोर असले तर त्याला राग आवरावा लागेल. आवरलेला राग छातीला वाईट."

"आणि तुम्ही गेलात तर छातीला चांगलं?"

"माझी सवय नाही त्याला. लहानपणी मी कामावर, तो शेजारी. मोठा झाला तर तो कामावर. आमचं कधी भांडणही झालं नाही गं. भांडायला तरी जवळ असावं लागतं."

हे मात्र खरं होतं. मायलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलास?", "जेवलो", "औषध घेतलंस?", "घेतलं". माझा नवरा आईशी कधी वाकड्यात शिरला नाही आणि कधी तिच्या शेजारी चार मिनिटं बसलाही नाही. या बाटल्यांपायी तो फुटला असता तर एवढ्या वर्षांचं काय काय बाहेर पडलं असतं कुणास ठाऊक. आणि नाहीच फुटला, नुसता गप्प झाला, तर ही बाई बॅग उचलून निघाली असती आणि परत आली नसती. मला ते नको होतं. माझं मलाच नवल वाटलं, पण मला ते मुळीच नको होतं.

मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसते. "माणूस निघालाय", "वाटेतच आहे", "वरूनच दाब कमी आहे", ही माझी रोजची भाषा. थाप सुचायला मला वेळ लागत नाही.

"पाइप फुटला," मी म्हणाले.

"कुठला?"

"तळघरातला. काल रात्री. पाणी भरलं, लेबलं भिजली, सुटली. मी दुरुस्त करून घेतला. कुणाचा दोष नाही. तुम्ही ब्र काढायचा नाही."

सासूबाईंनी शेवटची चादर बॅगेत ठेवली आणि दाबून बसवली. "खोटं मी बोलणार नाही. गप्प बसेन."

"तेवढं पुरे."

"बॅग मात्र दाराशी राहू दे."

इस्पितळात नवरा कपडे करून पलंगाच्या कडेला तयार बसला होता. सदरा अंगावर लोंबत होता, दाढी नीट झालेली नव्हती. मला बघून हसला. टॅक्सीत बसल्यावर त्याने माझा हात धरला, हे लग्नानंतर साधारण दुसऱ्यांदा. मी त्याला अरे-तुरे करते, सासूबाईंना ते अजून खटकतं, पण त्या टॅक्सीत मला त्याला काय म्हणावं तेच सुचेना.

"तिथे पडल्या पडल्या मी काय केलं सांगू?" तो म्हणाला. "रोज तळघरात जाऊन आलो. डोळे मिटून. एकेक बाटली फळीवरून काढायची, लेबल वाचायचं, परत ठेवायची. झोप नाही आली की तेच. आज गेल्या गेल्या आधी खाली जाणार."

"जिने उतरायचे नाहीत तुला."

"सावकाश उतरेन." खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "ती पाचवी कुठली, ते तुला सांगितलं नाही ना कधी?"

 नको सांगू, असं म्हणावंसं वाटलं.

"आई लॉन्ड्रीत लागली त्या सालची आहे ती. मी पाच वर्षांचा होतो. वस्तादांनी किती ठिकाणी विचारून मिळवली. म्हटलं, एक दिवस तिच्यासमोर उघडू. ती म्हणणार, कडू आहे. म्हणू दे." तो थांबला, दमला होता. "दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी. टेबलावर मला झोपवलं ना, नाकावर तो मास्क लावला, तेव्हा दुसरं काही आठवलं नाही. म्हटलं, अरे, ती बाटली राहिलीच. आता थांबणार नाही. जरा बरा झालो की उघडणार. तिला बोलू नकोस."

मी मान हलवली. घर येईपर्यंत मी बाहेरच बघत बसले. सिग्नल लागतील तेवढे बरे वाटत होते.

दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी त्याच्या गालाला हात लावला, तो किंचित वाकला, आणि दोघांनी एकदमच विचारलं, "जेवलीस?" "जेवलास?" मग त्याची नजर दाराशेजारी गेली.

"ही बॅग कुणाची?"

"माझी," सासूबाई म्हणाल्या.

"आईंच्या खोलीतला पंखा बिघडलाय," मी मध्ये पडले. "चार दिवस मावशींकडे—"

आमच्या घरी मावशी म्हणण्याजोगं कुणी नाही, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि सरळ तळघराच्या दाराकडे चालू लागला.

"ऐक, आधी बस. सूप घे. मला काही सांगायचंय. काल रात्री पाइप—"

तो जिना उतरायला लागला होता. एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर, जिथे टाके होते तिथे. प्रत्येक पायरीला थांबत होता. मी त्याच्या पुढे उलट्या पावली उतरत होते, तो पडला तर झेलायला, आणि तोंडाने पाइपाची कहाणी सांगत होते. पाणी किती आलं, कुठून आलं, मी माणूस कसा बोलावला. माझ्याच कानांना ती तक्रार खिडकीतून आल्यासारखी वाटत होती.

खाली दिवा चालूच होता. तो बाटल्यांसमोर उभा राहिला. मी बोलायची थांबले. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, जरा घरघरीचा, आणि मी तो मोजल्यासारखी ऐकत होते. त्याने एक बाटली उचलली. फिरवली. बोटाने काचेवर घासलं. करकर आवाज झाला.

"पाइप फुटला," तो हळू म्हणाला, "आणि पाण्यानं बाटल्या अशा पुसून, उंचीप्रमाणे लावून ठेवल्या?"

"ते नंतर मी—"

"मी धुतल्या," वरून आवाज आला. सासूबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. "सोडा टाकून, गरम पाण्यात. हिनं काही केलेलं नाही. पाइपबिइप काही नाही."

नवऱ्याने बाटली खाली ठेवली.  जिन्याच्या खालच्या पायरीवर तो टेकला. मी त्याच्या मनगटाला हात लावायला गेले, त्याने तो झटकला.

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. मग वर न बघताच बोलला, "बाबा गेले तेव्हाही हेच केलंस तू."

वर सासूबाईंनी कठडा धरला.

"मी शेजारच्यांकडून घरी आलो तर घरात सोड्याचा वास. नुसता सोड्याचा. बाबांचा सदरा नाही, टोपी नाही. त्यांची उशी होती, तिच्यात तोंड खुपसून मी झोपायचो, तीही नाही. विचारलं तर म्हणालीस, धुवायला टाकली. किती दिवस वाट बघितली मी त्या उशीची." त्याचा आवाज चढत गेला. माझ्या लग्नाच्या नवऱ्याचा इतका मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "एक फोटो आहे, त्यावरून चेहरा माहीत आहे. बाकी काही नाही! काही ठेवलंच नाहीस तू. सगळं लख्ख! म्हणून मी ठेवायला लागलो, कळतंय का? धूळसुद्धा ठेवली. बुरशीसुद्धा! आणि तू इथपर्यंत आलीस, फडकं घेऊन!"

खोकल्याची उबळ आली आणि तो छाती दाबून वाकला. मी त्याला धरलं. या वेळी त्याने झटकलं नाही. मी वर बघून म्हणाले, "आई, पुरे. तुम्ही जा आता खोलीत." पण सासूबाई एकेक पायरी उतरत खाली येत होत्या. गुडघे धरून, बाजूने, लहान मूल उतरतं तशा. त्याच्या वरच्या पायरीवर त्या बसल्या.

"क्षय होता तुझ्या बापाला," त्या म्हणाल्या.

तो वळला.

"तू त्याच उशीवर झोपायचास. त्यालाच बिलगून. किती ओढून काढलं तरी परत जायचास. तो गेला त्या दिवशी इस्पितळातल्या लॉन्ड्रीच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, घरात लहान मूल आहे ना? मग त्याचं असेल नसेल ते सगळं जाळ, नाहीतर सोड्यात उकळून काढ. आजच. मी उशी जाळली. बाकीचं उकळलं आणि देऊन टाकलं. हाताची सालं निघाली. मला रडायचं होतं रे, पण आधी ते उरकायचं होतं, तू परत यायच्या आत."

"तू ताप म्हणून सांगितलं होतंस मला."

"क्षय म्हटलं असतं तर घरमालकानं बाहेर काढलं असतं. शाळेत कुणी शेजारी बसवलं नसतं तुला. मग तू मोठा झालास, आणि सांगायचं राहूनच गेलं. म्हटलं, धुऊन झालेलं परत कशाला मळवायचं." त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. "त्याच बाईंनी मला पुढच्या महिन्यात कामाला लावलं. मला दुसरं काय येतंय? माणूस आजारी असला की मी धुते. तू घरी येणार होतास. मी धुतल्या."

 मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला रडू येत होतं. मघाशी याला दोष द्यावा की त्यांना, असं चाललं होतं, आता दोघांनाही देता येईना.

मग नवरा म्हणाला, "खालच्या फळीवरच्या कुठल्या?"

"या कडेच्या पाच," मी म्हणाले. त्या सारख्या होत्या म्हणून सासूबाईंनी त्या शेजारी शेजारी लावल्या होत्या.

त्याने पाचांवरून नजर फिरवली. मग मधलीला बोट लावलं. "ही वर घे. उघडू."

"डॉक्टरांनी—"

"मी पिणार नाही. वास तर घेऊ देशील?"

बूच ओढायला छातीची ताकद लागते, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून सांगत होता, सरळ फिरव, हळू, आता उचल. बाटली मी दोन्ही गुडघ्यांत धरली होती. बूच निघालं तेव्हा ते मी तसंच त्याच्या हातात दिलं. त्याने उजेडात धरून वाचलं, मूठ मिटली आणि मूठ टेबलावर ठेवली.

सासूबाई समोर बसल्या होत्या, खुर्चीच्या टोकावर, पाहुण्यासारख्या. "कुठलं निघालं?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"तू लॉन्ड्रीत लागलीस ते साल."

"चल."

"खरंच. तुझ्यासाठीच ठेवली होती. तिला विचार, टॅक्सीत सांगितलं मी."

मी म्हणाले, हो, सांगितलं. ते खरंच होतं.

सासूबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं नाही की काही नाही. "माझ्यासाठी कशाला असलं," एवढं म्हणाल्या आणि ग्लास दोन्ही हातांनी धरला. नवऱ्याने दुसऱ्या ग्लासात थोडी ओतून घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले. मी त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होते. एवढी वर्षं बघतेय, मला कळतं. वाइन गेली होती. मी त्याच्या ग्लासातला एक घोट घेतला. शिजलेल्या मुरंब्याला आंबट वळण लागावं तसं काहीतरी होतं ते.

"कडू आहे," सासूबाई म्हणाल्या.

"पण चांगली आहे ना?"

"चांगली आहे." आणि त्या घोट घोट घेत राहिल्या, औषध घेतात तशा, एक थेंब न ठेवता.

तो पाणी प्यायला उठला तेव्हा त्याची मूठ सुटली. बूच टेबलावर राहिलं. मी आवरायच्या निमित्ताने ते उचललं आणि वाचलं. त्यावर आमच्या लग्नाचं साल होतं. म्हणजे माझ्या लग्नाची वाइन माझी सासू पिऊन बसली होती. दिवसभर लोकांच्या तक्रारी लिहून घेणारी मी, माझी कुठे लिहायची? मी बूच मुकाट खिशात टाकलं.

बाहेर उजेड उतरायला लागला होता. सासूबाईंनी रिकामा ग्लास खाली ठेवला आणि दाराकडे पाहिलं. "मग निघू मी? अंधार पडायच्या आत..."

"बस गं," नवरा म्हणाला. तो त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता, समोरच्या नव्हे. त्याची एक वाइन वाया गेली होती, पाचांतल्या चार अजून खाली होत्या आणि त्यांचंही आता काही खरं नव्हतं. तो ग्लासाची दांडी फिरवत राहिला. वस्तादांचा हा शिष्य, ग्लासात नाक घातलं की पिकलेलं फळ, ओलं लाकूड, जुनं कातडं, सगळं ओळखून दाखवायचा.

"बाबांना कसला वास यायचा गं?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी आधी रिकामा ग्लास पदराने पुसला. त्यांना ते आठवावं लागत होतं असं मला वाटलं नाही. इतकी वर्षं ते कुणी विचारलंच नव्हतं.

"तेलाचा," त्या म्हणाल्या. "कारखान्यात मशिनांना तेल द्यायचा तो. कितीही धुतलं तरी जायचा नाही. हातांना तर कायमचा." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुझ्या हातांना येतो, तसाच. तुझा कामाचा सदरा असतो ना, तो मी नुसता पाण्यातून काढते. साबण लावत नाही. सगळा जाऊ देत नाही."

 नवऱ्याने आपला उजवा हात उचलला, तळवा नाकाशी नेला आणि डोळे मिटले. इतके दिवस इस्पितळात होता तो. हाताला तिथल्या साबणाचा वास येत होता, मला टॅक्सीतच आला होता. तरी त्याने हात बराच वेळ तसाच धरून ठेवला.